विसाला एक

ग्रेत्सियाला माश्या डसत नाहीत, हे सान लॉरेन्समध्ये सगळ्यांना माहीत होतं. आमच्या गोझो बेटावर माणसाला आडनावाने कुणी ओळखत नाही, घराण्याला चिकटलेल्या टोपणनावाने ओळखतात. तिचं घराणं ‘मधवाले’. पण तिला एकटीला आणखी एक नाव पडलं होतं: बिननांगीची. बाह्या कोपरापर्यंत सारून, उघड्या हातांनी ती पेटी उघडायची. माश्या तिच्या मनगटावरून चालत जायच्या, जशा भिंतीवरून.

तिचा बाप श्मून मात्र जन्मभर सुजलेल्या पापण्यांनी हिंडला. इथली जुनी काळी माशी फार तिखट. तो परसातल्या पेट्यांकडे निघाला की मी माझ्या बाजूची खिडकी लावून घ्यायचो. आमच्या घरांमध्ये एकच भिंत आहे. श्मूनने मुलीला पेट्यांजवळ कधी येऊ दिलं नाही. बायकांचे केस माश्यांना खपत नाहीत, असं तो म्हणायचा. ग्रेत्सियाच्या वाट्याला घरातलं काम: मध गाळणं, मुरवणं, भरणं. पेटीच्या आत काय दिसतं, हे तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाप मेला होता.

आणि त्याच माश्या तिच्या हाताखाली मांजरासारख्या झाल्या. गावाने याचा अर्थ लावायला वेळ घेतला नाही. ती स्वतः एवढंच म्हणायची, की त्या मला ओळखतात, बाबांनी सांगून ठेवलंय. एकतीस वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की ते मला तिच्या चेहऱ्याचाच एक भाग वाटू लागलं होतं.

कारण ते नुसतं वाक्य नव्हतं. ती त्याच्यावर जगत होती.

एकोणीसशे ब्याण्णव साली ती एकोणतीस वर्षांची होती. जानमारी नावाचा सुतार तिच्या आधी मेलबर्नला जाऊन पोहोचला होता. सप्टेंबरच्या तिकिटावर ती निघणार होती आणि तिथेच लग्न होणार होतं. त्या उन्हाळ्यात श्मूनच्या आतड्यात गाठ निघाली. ग्रेत्सिया त्याला घेऊन बोटीने पलीकडे माल्टाच्या इस्पितळात गेली आणि पाच आठवडे त्याच्या उशाशी राहिली. त्याच उन्हाळ्यात बेटावर व्हरोआ आला. टाचणीच्या डोक्याएवढा तांबडा किडा. तो माशीच्या अंगाला चिकटतो आणि पेटीच्या पेटी संपवतो. आमच्या गावात सोळा जणांकडे माश्या होत्या. ऑगस्ट सरता सरता पंधरा जणांची परसं गप्प झाली.

फक्त श्मूनच्या पाच पेट्या वाचल्या. लोक पाहायला यायचे. ज्यांचं सगळं गेलं ते भिंतीला टेकून नुसते ऐकत उभे राहायचे. श्मूनला मरायला घरी आणलं, त्याची खाट परसाच्या खिडकीशी लावली. त्याने विचारलं, आहेत ना? आवाज येत होताच. तो नऊ दिवस तो आवाज ऐकत पडून राहिला आणि गेला. थोरला भाऊ इंद्री समुद्रावरचा माणूस, त्याला माश्यांचं वावडं. आई थकलेली. साऱ्या गावात उरलेल्या या एवढ्याच काळ्या माश्या; त्या कुणावर टाकायच्या? ग्रेत्सियाने तिकीट परत केलं.

जानमारीने दोन वर्षं वाट पाहिली. आता तो तिकडे आजोबा आहे. तिने त्याबद्दल कधी रडगाणं गायलं नाही. पाचाच्या अकरा पेट्या केल्या.

मध मुरवायची या घराची एक रीत होती. वसंतात सिल्लाच्या तांबड्या फुलांचा मध येतो, तो आपोआप थिजला तर जाड, खरखरीत रवा धरतो. म्हणून मधवाल्यांच्या घरात नव्या मधाला जुन्या, लोण्यासारख्या थिजलेल्या मधाचं विरजण लावतात आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लाकडी उलथन्याने ढवळतात. नवा मध जुन्याचा रवा उचलतो. हा मध थोडाच करायचा, वीस किलो, सणाला आणि मानाच्या माणसांना द्यायला. बाकीचा पातळच विकला जातो.

दोन वर्षांपूर्वी, म्हणजे समुद्राने किनाऱ्यावरची मोठी दगडी कमान गिळली त्याला सहा वर्षं झाली असताना, येलेनिया आली. नादूर गावच्या पीठवाल्यांची नात, वय तिशीचं, पलीकडे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करणारी. दोन्ही बेटांवर माश्या पाळणाऱ्या त्रेचाळीस जणांकडून ती एकेक बाटली मध गोळा करत होती. ग्रेत्सियाने तिला दारातच ऐकवलं, की नादूरची माणसं मध बघायला येतात तेव्हा चमचा घरूनच आणतात. पोरगी हसली आणि खरंच पिशवीतून चमचा काढला. तिथून दोघींचं जमलं.

पेट्या उघडायची गरज नाही, असं तिने समजावलं. माशी रस तोंडात घेते, दुसरीच्या तोंडात देते, पायांनी तुडवते, पंखांनी वारा घालते; तिच्या शरीराचे कण मधात राहतात. त्या कणांतला डीएनए काढला की ती माशी कुठल्या कुळीची ते कळतं. बेटांची जुनी काळी माशी कुठे उरली आहे का, हे तिला शोधायचं होतं.

“म्हणजे तू माझ्या माश्यांचं उष्टं वाचणार,” ग्रेत्सिया म्हणाली.

“तसंच समजा मावशी.”

“वाच. काय लिहिलंय ते मला आधीच माहीत आहे.”

येलेनियाने कुठलाही मध चालेल म्हटलं होतं. ग्रेत्सियाने तिला मुरवलेल्या मधाची बाटली दिली. घरात चांगलं असताना पाहुण्याला साधं द्यायचं, हे तिच्याच्याने झालं नसतं.

निकाल मार्चमध्ये आला. कागद इंग्रजीत होता म्हणून ग्रेत्सियाने मला भिंतीवरून हाक मारली. मी गेलो तेव्हा येलेनिया खुर्चीत टेकलीही नव्हती, उभ्याउभ्याच बोलत होती, तिचे कान लाल झाले होते. त्रेचाळीस बाटल्यांपैकी फक्त चारांत जुनी कुळी सापडली होती, आणि त्यांतली एक ही.

ग्रेत्सियाने मान हलवली. तिला यात नवल नव्हतं. तिने टेबलावर चीज आणि टोमॅटो लावलेला पाव मांडला होता, तो पोरीच्या पुढे सरकवला.

मग येलेनिया बसली आणि पुढचं सांगू लागली. काळ्या माशीचे कण शंभरात पाच होते. बाकी पंच्याण्णव राखी माशीचे. ती कुळी उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली. दिसायला काळपट, स्वभावाने गरीब. नव्वदच्या सुमारास माल्टातले काही व्यापारी ती आणायचे. म्हणजे अकरांपैकी एखाद्या पेटीतच जुनी कुळी टिकून असावी.

“बाहेरचे नर येऊन मिसळले असतील,” ग्रेत्सिया म्हणाली. तिचा आवाज अजून शांत होता.

“नाही मावशी. आम्ही वाचतो तो भाग फक्त आईकडून येतो. नर कितीही परके आले तरी तो बदलत नाही. राणी बदलली तरच बदलतो.”

“माझ्या पेट्यांत मी कधी बाहेरची राणी घातलेली नाही.”

“मग आधी कुणी घातली असेल.”

“आधी बाबा होते.”

येलेनियाला यात काही अडलं नाही; तिचं लक्ष त्या पाचांवर होतं. ईस्टरनंतर ती या अकरा पेट्यांतून राण्या वाढवणार होती आणि त्या राण्या माश्या पाळणाऱ्या नऊ जणांना देणार होती. कुठली पेटी नेमकी कुठल्या कुळीची, हे एकेक माशी तपासून शरदात ठरवता येईल, राखी निघतील त्या राण्या तेव्हा बाजूला काढायच्या. पण राण्यांचा हंगाम त्याच्या आधी हातचा जाऊ द्यायचा नव्हता. नऊही माणसांना तिने फोन करून टाकले होते.

ग्रेत्सिया कागदाकडे बघत होती. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, आकडे येत होते.

“शंभरात पाच,” ती म्हणाली. “म्हणजे विसात एक.”

“हो, साधारण तेवढंच.”

ग्रेत्सिया उठली आणि पाव उचलून आत ठेवला. पोरीने अजून खाल्ला नव्हता. मी ग्रेत्सियाला इतकी वर्षं ओळखतो. पाहुण्यापुढचं ताट उचलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. येलेनियाला बोट गाठायची होती, ती निघाली, आणि आनंदात तिच्या हे ध्यानातही आलं नाही.

मग ग्रेत्सियाने मला तळघरात नेलं. दगडात कोरलेली थंड खोली. कोपऱ्यात कमरेएवढा मातीचा रांजण होता, तोंडाला मेण लावलेलं फडकं. तिने फडकं सोडलं. आत तळाशी वीतभर पांढरट मध उरला होता.

हे विरजण, तिने सांगितलं. श्मूनचा शेवटचा मध, ब्याण्णवच्या वसंतातला. पूर्वी या रांजणात दर वर्षी नव्याची भर पडायची. बाप गेल्यावर तिने भर घालणं थांबवलं. त्याचा रवा बिघडू द्यायचा नव्हता. दर वसंतात त्यातून एक किलो काढायचा आणि एकोणीस किलो नव्या मधात कालवायचा.

मी अजून तिच्याकडे बघतच होतो.

“मास्तर, तुम्ही शाळेत गणित शिकवायचात ना?”

तेव्हा मला कळलं. येलेनियाच्या यंत्राने काळी माशी पाहिली होती, पण पेटीतली नाही. रांजणातली. एकतीस वर्षांपूर्वी मेलेल्या माश्यांच्या तोंडचे, पायांचे कण. विरजण वजा केलं तर परसातल्या अकरा पेट्यांत काळी माशी एकही नव्हती. त्या सगळ्या गरीब, राखी, परक्या. त्या कुणालाच डसल्या नसत्या. मलाही नाही.

ग्रेत्सियाने स्वतःचे हात वर करून पाहिले, दोन्ही बाजूंनी. एकही जुना डाग नव्हता त्यांच्यावर. मग तिने ते झग्याच्या घडीत लपवले.

वर येताना ती म्हणाली, इंद्रीकडे चला. मी म्हटलं, हे तुम्हा भावंडांचं आहे. ती म्हणाली, मला एकटीला ऐकवणार नाही.

इंद्री गल्लीच्या टोकाला, त्याच्या गॅरेजच्या उघड्या दारात बसला होता. मासे पकडायचे वेताचे सापळे विणायचं काम तो अडुसष्टाव्या वर्षीही करतो. आता त्यांत कुणी मासे धरत नाही, प्रवासी ते विकत घेतात. आम्हाला बघून त्याने थट्टा केली, की बिननांगीची आणि मास्तर एकत्र म्हणजे पाद्रीसाहेबांना बोलवायला हवं. त्याची बहीण त्याच्यासमोर उभी राहिली.

“इंद्री, बाबांच्या माश्या कधी मेल्या?”

मला वाटलं तो विचारेल, कुठल्या माश्या. वेडी झालीस का, म्हणेल. त्याने हातातली काडी एका फेऱ्यातून काढली, दुसऱ्यात घातली.

“सांता मारियाच्या सणाआधी. चार दिवस आधी,” तो म्हणाला.

“पाचही?”

“पाचही. एका पेटीत राणी होती, मूठभर माश्यांत. ती आणखी दोन दिवस राहिली.”

इतकं तयार होतं ते उत्तर. एकतीस वर्षं तोंडात धरून बसल्यासारखं. मला आठवलं: त्या ऑगस्टमध्ये भिंतीपलीकडून काही दिवस काहीच ऐकू येत नव्हतं. मी समजलो होतो, उकाडा आहे. खिडकी उघडी ठेवता आली म्हणून मला बरंही वाटलं होतं.

बाकीचं इंद्रीने न विचारता सांगितलं. माल्टातल्या एका व्यापाऱ्याकडून पाच वसाहती आणल्या, पहाटेच्या बोटीने, कांद्याच्या पोत्यांखाली. बापाच्याच पेट्यांत भरल्या. म्हातारा घरी मरायला येणार होता आणि खिडकीशी निजणार होता. त्याला काय ऐकवायचं होतं?

“ते बरोबर केलंस,” ग्रेत्सिया म्हणाली. “बाबा गेल्यावर? माझं विमान अठरा दिवसांनी होतं.”

“सांगणारच होतो.”

“मग?”

“तू तिकीट परत करून आलीस, आणि त्या दिवशी आई जेवली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.”

ग्रेत्सिया हळूच म्हणाली, “पेट्या परसात नेल्यास तेव्हा मधलं दार कुणी धरलं होतं?”

इंद्रीने सापळा खाली ठेवला. हा प्रश्न त्याच्या तयारीत नव्हता.

“तिनेच,” तो म्हणाला.

समोरच्या घरातल्या रेडिओवर कुणीतरी भाज्यांचे भाव वाचत होतं. ग्रेत्सियाचा चेहरा कोरा होता. बारा वर्षं तिने त्या आईला खाटेवर भरवलं होतं.

इंद्री आता भराभर बोलू लागला. पुढच्या वर्षी सांगायचं ठरवलं होतं, पण पुढच्या वर्षी ती साऱ्या गावाला सांगत होती, की माश्या मला ओळखतात. तिच्या तोंडून ते काढून कसं घ्यायचं? त्याच्या पुढच्या वर्षी जानमारीचं लग्न झाल्याची बातमी आली. मग सांगून तरी काय होणार होतं? त्या विद्यापीठवालीने काय म्हटलं, हे त्याने माझ्याकडून काढून घेतलं, आणि त्याचा चेहरा उजळला. यंत्र म्हणतंय आहेत, तर आहेत. रांजणाचं कुणाला माहीत आहे? शरदात कळेल तेव्हा कळेल, यंत्र चुकलं म्हणतील. तोवर राहू दे.

“तोवर,” ग्रेत्सिया म्हणाली. “तुझं तोवर एकतीस वर्षांचं झालं, इंद्री. मी एकोणतीस वर्षांची होते.”

ती वळून निघाली. मी मागोमाग. ती नेहमीच्याच चालीने चालत होती, हे मला सर्वांत भयंकर वाटलं.

येलेनियाला फोन तिने माझ्याच घरून केला, तेही दुसऱ्या दिवशी. रात्रभर ती काय विचार करत होती, मला माहीत नाही. सकाळी आली आणि नंबर लावून द्या म्हणाली. गप्प बसली असती तर शरदापर्यंत तिच्या बापाच्या माश्या जिवंत राहिल्या असत्या, कागदावर आणि नऊ जणांच्या तोंडी. पण त्या नऊ जणांना राखी माशीच्या राण्या काळ्या म्हणून मिळाल्या असत्या. तिने मला विचारलं, त्या नऊ जणांत एखादी माझ्यासारखी असेल का? मी म्हटलं, असू शकेल. तिने फोन कानाला लावला.

येलेनिया दुपारच्या बोटीने आली. रांजणापुढे उकिडवी बसली. मग म्हणाली, “त्रेचाळीस जणांना मी विचारलं, पेट्या किती, फुलं कुठली. मध करता कसा, हे एकालाही विचारलं नाही.” नऊ जणांना पुन्हा फोन करायचे होते. ते आठवून तिने कपाळ गुडघ्यांवर टेकलं. ग्रेत्सियाने तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. एरवी फिरवला असता. नुसती दिवा धरून उभी राहिली.

जाताना पोरीने रांजणातला दोन चमचे मध नेला. पंधरा दिवसांनी कळवलं, की त्यात शंभरातले शंभर काळ्या माशीचे होते. इतकं निर्भेळ तिला बेटांवर कुठेच मिळालं नव्हतं. त्यातून माशी मात्र होत नाही. हे ग्रेत्सियाने विचारलं होतं, आणि विचारताना आपण काय विचारतो आहोत हे तिलाही कळत होतं.

पेट्यांकडे ती सहा दिवस गेली नाही. सातव्या दिवशी गेली, कारण सिल्ला फुलला होता आणि माश्यांना जागा कमी पडत होती. मी गच्चीवरून पाहिलं. बापाची जाळी तिने डोक्यावर घेतली होती, हातमोजे कोपरापर्यंत. परक्याच्या घरी काम करावं तशी ती करत होती, व्यवस्थित, कुठे जास्त वेळ न थांबता. माश्या मोज्यांवरून चालत होत्या. एकदा ती थबकली, चौकट तशीच हातात, आणि मला वाटलं, आता मोजा काढील. तिने चौकट परत ठेवली आणि झाकण लावलं.

आमच्या गल्लीत दाराची किल्ली बाहेरून कुलपातच असते. दिवसभर, वर्षानुवर्षं. येणारा फिरवतो आणि आत जातो. माझ्याही दाराला आहे. इंद्री दर रविवारी प्रार्थनेनंतर बटाटे लावून भाजलेला चपटा पाव, फ्तीरा, घेऊन बहिणीकडे यायचा. किल्ली फिरवायचा, आत येता येता ओरडायचा, की चुलीवर पाणी ठेव. मधे तीन रविवार तो आला नाही. चौथ्या रविवारी आला. हातात फडक्यात बांधलेली, वाफ येणारी फ्तीरा होती. मी माझ्या पायरीवर बसलो होतो. त्याने मला मान हलवून सलाम केला आणि किल्लीकडे हात नेला.

तिथे किल्ली नव्हती. नुसतं भोक होतं.

तो हात तसाच पुढे धरून उभा राहिला. मग त्याने भोकावर बोट फिरवलं, जणू ती आत कुठे गेली असेल. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मग त्याने दार वाजवलं, आधी हळू, मग बोटांच्या पेरांनी. आमच्याकडे दार वाजवायची पद्धतच नाही, तेव्हा समोरच्या दोन घरांतली माणसं हा आवाज कसला ते बघायला बाहेर आली.

आतून पावलं आली. दाराच्या अलीकडे थांबली.

“कोण?” ग्रेत्सियाने विचारलं.

आयुष्यात इंद्रीला त्या दारावर कुणी हे विचारलं नव्हतं. फ्तीराची वाफ त्याच्या हनुवटीला लागत होती. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, जसं सरकारी कचेरीत सांगतात.